कुटुंबनियोजनाच्या केंद्राला पैसा कोण देतं?

प्रश्न : महर्षी कर्व्यांना मुलींच्या शिक्षणासाठी लोकांनी देणग्या दिल्या, हे शाळेपासून वाचत आले आहे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते कोणाच्या पैशावर चाललं? आज आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात गोळ्या, निरोध, तांबी सगळं फुकट मिळतं. तो खर्च कुठून निघतो? आणि आमच्या महिला मंडळासारख्यांनी असं केंद्र काढायचं ठरवलं, तर पैसा कुठे शोधावा?
— एक वाचिका, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचे तिन्ही प्रश्न क्रमाने घेऊ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की तिसऱ्याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

रघुनाथरावांचं केंद्र

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. पुढच्याच वर्षी अण्णासाहेबांच्या मुलाने मुंबईत संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली. त्याला कोणी ठाकरसी भेटला नाही. विद्यापीठाला आईचं नाव देणं हा त्या काळी मोठा मान होता. बायकांना पाळणा कसा लांबवायचा हे सांगणाऱ्या जागेवर आपल्या घराण्याचं नाव लावायला कोणता शेठ तयार झाला असता?

रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवत. या कामापायी ती नोकरी सुटली. पुढे 'राइट एजन्सी' या नावाने साधनांची विक्री, 'संततिनियमन : आचार आणि विचार' यासारखी पुस्तकं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, असा त्यांचा व्याप होता. आधार स्वतःच्या मिळकतीचा, वर्गणीदारांचा आणि पत्नी मालतीबाईंच्या साथीचा. त्यात अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ मधला खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता, आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. मासिक त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. ही जिद्द असामान्य होती. पण एका माणसाच्या मिळकतीवर चालणाऱ्या कामाला शाखा फुटत नाहीत. गरज मुंबईच्या प्रत्येक चाळीत होती आणि सोय एका ठिकाणी होती.

हीच अडचण लंडन-न्यूयॉर्कमध्ये

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. १९२१ च्याच मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी उत्तर लंडनमधल्या हॉलोवे भागात केंद्र उघडलं. तिथे सल्ला फुकट होता. ते शक्य झालं, कारण त्यांचे पती हम्फ्री व्हर्डन रो हे विमानं बनवणाऱ्या कारखान्याच्या संस्थापकांपैकी एक होते आणि पैसा घरातलाच होता. याच रो यांनी आधी मँचेस्टरच्या एका इस्पितळाला अशा केंद्रासाठी देणगी देऊ केली होती. इस्पितळाने ती नाकारली. म्हणजे देणारा तयार होता आणि घेणारा कचरत होता.

मार्गारेट सँगर यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, गरीब स्थलांतरितांच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत, १६ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांनी अमेरिकेतलं पहिलं केंद्र उघडलं. भांडवल किती? कॅलिफोर्नियातल्या एका बाईंनी पाठवलेला ५० डॉलरचा चेक. पहिल्या महिन्याचं भाडं त्यातून निघालं. सँगर स्वतः परिचारिका, त्यांची बहीणही परिचारिका, आणि तिसरी एक कार्यकर्ती, एवढीच माणसं. इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत पत्रकं छापून घरोघर वाटली होती. फी १० सेंट. पहिल्याच दिवशी शंभरावर बायका कडेवर मूल, हातात बाबागाडी अशा रांगेत उभ्या राहिल्या. दहाव्या दिवशी पोलिसांनी केंद्र बंद केलं आणि पुढे सँगर यांना ३० दिवसांचा तुरुंगवास झाला. बायका पैसे मोजायला तयार होत्या, जागा मिळाली होती, शिकलेली माणसं होती. कायदा आड आला.

नंतरची कित्येक वर्षं सँगर यांचं काम श्रीमंत पाठीराख्यांवर चाललं. त्यांचे दुसरे पती नोआ स्ली तेलाच्या धंद्यातले. कायद्याने बंदी असलेली साधनं त्यांनी तेलाच्या पिंपांतून कॅनडामार्गे आणवली. कॅथरीन मॅकॉर्मिक या धनाढ्य बाईंनी गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनाला सुमारे २० लाख डॉलर दिले. त्या स्वतः जीवशास्त्र शिकलेल्या होत्या, आणि सरकार हात लावत नव्हतं त्या संशोधनाचा खर्च त्यांनी जवळजवळ एकटीने उचलला. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. खास कुटुंबनियोजनासाठीचा सरकारी निधी मात्र त्यानंतर दहा वर्षांनी आला. १९७० साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'टायटल टेन' नावाचा कायदा केला. त्याची पद्धत आजही समजून घेण्यासारखी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सेवा पूर्ण फुकट, त्यावरच्यांना मिळकतीच्या चढत्या क्रमाने फी, आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही.

आपल्या सरकारने पैसा ठेवला, पण

भारतात सरकारी पैसा तुलनेने लवकर आला. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाचा सल्ला देण्याचा हुकूम काढला. आपल्याकडे शकुंतला परांजपे १९३८ पासून पुणे आणि आसपास या कामात होत्या. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि या विषयावरच्या जागतिक महासंघाचा जन्म त्याच परिषदेत झाला.

त्याच सुमारास पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. त्यातले खर्च झाले साधारण १४ लाख. पैसा होता, तो वापरणारी केंद्रं नव्हती, शिकवलेल्या परिचारिका नव्हत्या. शिवाय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या संयमाच्या विचाराच्या असल्याने सुरुवातीला भर होता तो पाळीचे दिवस मोजण्याच्या पद्धतीवर. तिसऱ्या योजनेपर्यंत तरतूद २७ कोटींवर गेली आणि त्यातला बहुतेक पैसा खर्चही झाला. निधी मागायला निघालेल्या प्रत्येकाने पहिल्या योजनेचा हा आकडा लक्षात ठेवावा. पैसा मिळवण्याआधी तो नीट खर्च करणारी माणसं तयार लागतात.

निरोधची कथा याच कारणासाठी सांगण्याजोगी आहे. १९६८ मध्ये सरकारने निरोध बाजारात आणला तेव्हा किंमत होती १५ पैशांना तीन. सरकारी दवाखाना खेड्यात नसेल, पण चहा, साबण, बॅटरीचे सेल विकणारं दुकान असतंच. म्हणून ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर अशा कंपन्यांच्या वितरणातून माल गावागावांत पोचवला. किमतीतली तूट सरकारने सोसली, वाहतूक आणि दुकानं कंपन्यांची. नवी केंद्रं न बांधता पैशाचं काम झालं.

पैशाबरोबर येणारी अट

आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कुटुंबनियोजनाच्या केंद्रात बाई काय मागायला आली आहे, यापेक्षा पैसा देणाऱ्याला काय मोजायचं आहे, यावर पुष्कळदा सेवा ठरते.

शस्त्रक्रियेमागे रक्कम आणि कर्मचाऱ्यामागे उद्दिष्ट, अशी रचना केली की माणसाची 'केस' होते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सक्तीच्या आठवणी उत्तर भारतात अजून पुसलेल्या नाहीत. त्या धसक्याने पुरुष नसबंदी जवळजवळ संपली आणि सगळा भार बायकांच्या शस्त्रक्रियेवर आला. १९९६ मध्ये सरकारने उद्दिष्टं रद्द केली, पण नसबंदीची शिबिरं चालूच राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्या दिवसांत १३ जणींचा मृत्यू झाला. शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला. बिलासपूरला पैसा कमी पडला नव्हता. तो चुकीच्या गोष्टीला जोडला होता. शस्त्रक्रिया किती झाल्या याची मोजदाद होती; बाईला नीट समजावून सांगायला दिलेला अर्धा तास मात्र कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

परदेशी पैशालाही अशीच अट असते. १९८४ मध्ये मेक्सिको सिटीच्या लोकसंख्या परिषदेच्या वेळी अमेरिकेने धोरण जाहीर केलं की जी परदेशी संस्था गर्भपाताची सेवा देईल किंवा त्याबाबत सल्ला देईल, तिला कुटुंबनियोजनासाठीचा पैसा मिळणार नाही. तेव्हापासून अमेरिकेत एक पक्ष आला की ते धोरण उठतं, दुसरा आला की परत लागू होतं. आफ्रिकेतल्या एखाद्या गावच्या केंद्राचं भवितव्य वॉशिंग्टनच्या निवडणुकीवर लटकतं. २०२१ मध्ये ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांच्या गर्भनिरोधक पुरवठा कार्यक्रमाची मदत ८५ टक्क्यांनी कापली. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएआयडी ही मदत देणारी संस्थाच गुंडाळली. गरीब देशांसाठी विकत घेतलेली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधक साधनं तेव्हा बेल्जियममधल्या गोदामात अडकून पडली. माल तयार, त्याचे पैसे दिलेले, आणि तिकडे केंद्रात आलेल्या बाईला रिकाम्या हाती परत पाठवायचं. यापेक्षा अन्यायाची गोष्ट आरोग्यसेवेत क्वचित सापडेल.

तुमच्या गावात फुकट कसं मिळतं?

भारताचा कार्यक्रम आता परदेशी पैशावर उभा नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली माला-एन गोळी, निरोध, तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, आठवड्याची छाया गोळी ही सगळी साधनं केंद्र सरकार खरेदी करून राज्यांना पुरवतं. बाकी खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातले ६० टक्के केंद्र सरकार देतं आणि ४० टक्के राज्य. जिल्ह्याच्या गरजा राज्याच्या आराखड्यात जातात, त्याला आरोग्य खात्यातले लोक 'पीआयपी' म्हणतात. जे त्या आराखड्यात लिहिलं नाही, त्याला पैसा येत नाही. म्हणून उपकेंद्रात अमुक एक साधन संपलं असेल तर केवळ नर्सबाईंवर चिडून उपयोग नाही. मागणी वर गेली का, हे विचारायला हवं.

आशाताईंची पिशवी उघडून पाहिली तर हीच व्यवस्था लहान आकारात दिसते. निरोधची पाकिटं, गोळ्यांची पाकिटं, तातडीची गोळी आणि एक वही. २०११ पासून घरपोच साधनं देण्याच्या योजनेत आशाताईंनी निरोधच्या पाकिटाला १ रुपया, महिन्याच्या गोळ्यांना १ रुपया आणि तातडीच्या गोळीला २ रुपये घ्यावेत असं ठरलं. तो रुपया आशाताईंच्या फेऱ्यांचा मोबदला होता. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला किंवा दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर राहिलं, तर त्यांना ५०० रुपयांचा मोबदला अशीही योजना आहे. अंतर राखण्याच्या कामाला पैसा जोडला, हे पाऊल चांगलं आहे. मात्र तिथेही निवड बाईचीच राहिली पाहिजे.

तुमच्या मंडळाने काय करावं?

आधी खर्च कशाचा असतो ते पाहा. गोळ्या आणि तांबी सरकारकडून येऊ शकतात. पण तांबी बसवायला शिकलेली नर्स किंवा डॉक्टर, स्वच्छ टेबल, चांगला दिवा, हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, हातमोजे, आडोशाला पडदा, बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही अशी खोली आणि महिन्याभराने तपासणीला बोलावायची सोय हे सगळं लागतं. सगळ्यात मोठा खर्च पगाराचा असतो, आणि देणगीदार सगळ्यात कमी उत्साहाने देतात तो पगारच. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, पगारावर लावता येत नाही. म्हणून देणगीदाराकडे जाताना यादीत नर्सचा पगार पहिला लिहा आणि तो का लागतो हे सांगा.

पैसा शोधण्याच्या जागा साधारण अशा आहेत.

पहिली जागा गावातलीच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडे थोडा मोकळा निधी येतो, आणि आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडेही येतो. रक्कम लहान असते, पण पडदा, दिवा, बसायला बाक, पिण्याचं पाणी एवढं त्यातून नक्की होतं. ग्रामसभेत हा खर्च मागायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी जागा जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग. सरकारची मान्यता मिळालेल्या खाजगी आणि स्वयंसेवी दवाखान्यांना नसबंदी आणि तांबीच्या सेवेसाठी ठरलेली रक्कम मिळते. हा पैसा घ्या, पण केंद्र त्याच एका पैशावर चालवू नका. जितक्या केसेस तितका पैसा, अशी गाठ पडली की आपणही नकळत बाईला एका बाजूला ढकलू लागतो.

तिसरी जागा कंपन्यांचा सामाजिक निधी. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि आरोग्यसेवा त्या यादीत आहे. त्यासाठी संस्थेची नोंदणी, आयकर खात्याकडची नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर-१ नंबर आणि तपासलेले हिशेब लागतात. मंडळ नवं असेल तर ही कागदपत्रं असलेल्या जवळच्या जुन्या संस्थेबरोबर काम सुरू करणं सोयीचं. परदेशी देणगीचा विचार एवढ्यात करू नका. त्याला वेगळा परवाना लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही.

चौथी जागा येणाऱ्या बायका. थोडी फी ठेवायला हरकत नाही, मात्र जिच्याकडे नाही तिला ती माफ, आणि माफी मागावी लागू नये अशी. फीचा डबा उघड्यावर न ठेवता आत ठेवा, म्हणजे कोणी किती दिलं हे रांगेतल्या दुसरीला कळत नाही.

यातला कुठलाही पैसा घेण्याआधी देणाऱ्याला चार गोष्टी विचारा. बाईला सगळी साधनं समजावून सांगायची मोकळीक आहे ना? ती काहीच न घेता परत गेली तरी तो दिवस कामाचा धरला जाईल ना? अविवाहित मुलगी, नवविवाहित जोडपं, पुरुष, सगळ्यांसाठी दार उघडं ठेवता येईल ना? आणि हा पैसा किती वर्षांचा आहे?

चौथा प्रश्न कधी सोडू नका. सरकारी तांबी एक पाच वर्षांची असते, दुसरी दहा वर्षांची. एका वर्षाच्या देणगीवर उघडलेलं केंद्र ती बसवून देईल, पण दोन वर्षांनी त्रास झाला किंवा मूल हवंसं वाटलं म्हणून ती बाई परत आली आणि केंद्राला कुलूप असेल, तर आपण तिला मदत केली असं म्हणता येणार नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा : स्वतंत्र केंद्र काढायची घाई करू नका. आधी तुमच्या आरोग्य केंद्रात काय कमी आहे ते नर्सबाई आणि आशाताईंबरोबर बसून लिहून काढा, ते भरून काढायला लागेल तेवढाच पैसा उभा करा, आणि किमान पाच वर्षं तो पुरेल अशी व्यवस्था करा. बाईला हवं तेव्हा साधन मिळालं पाहिजे आणि नको तेव्हा ते काढूनही मिळालं पाहिजे. या दोन्हींची हमी देणारा पैसा थोडा असला तरी चालेल.